पोलादी डूल

रविवारची सकाळ होती आणि आमच्या काराकोलच्या बाजारावर अचानक गारा कोसळू लागल्या. जर्दाळू नुकते फुलले होते, त्यामुळे गारांबरोबर पाकळ्याही खाली येत होत्या. एक उंच तरुण डोक्यावर पिशवी धरून धावत आला आणि समोर दिसली त्या ताडपत्रीखाली शिरला.

ती ताडपत्री कुंदुझची होती.

कुंदुझ आठवडाभर औषधांच्या दुकानात काम करायची आणि रविवारी इथे टेबल मांडायची. टेबलावर तिने स्वतः केलेले दागिने. तिच्या थोरल्या भावाने घोड्यांच्या खेळात मिरवायला कड्याकड्यांचं चिलखत विणायला घेतलं होतं आणि बाह्यांपाशी येऊन कंटाळून सोडून दिलं होतं. उरलेली तार हिने उचलली. तार विणकामाच्या सुईवर गुंडाळायची, कापून इवल्या कड्या करायच्या, दोन पकडींनी एकीत एक ओवायच्या... गंमत म्हणून सुरू केलं, पण आता तेच तिच्या जिवाचं झालं होतं. कडी मिटली की ती जोडावरून नख फिरवायची. नख अडलं की कडी बाहेर. मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

"तुमच्या अंगाला मेंढ्यांचा वास येतोय," ती वर न बघता म्हणाली.

"येणारच. जनावरांचा डॉक्टर आहे मी. एर्मेक." त्याने केस झटकले आणि टेबलावर वाकला. "हे काय आहे? मासे पकडायची जाळी?"

"जाळीच म्हणा. मासे आपणहून आत येतात. ओले होऊन."

तो हसला. एक डूलजोडी त्याने तळहातावर घेतली. पाण्याच्या थेंबासारखी लांबट, हलली की चमकणारी.

"बहिणीसाठी घेईन. पण कानात कशी दिसते ते कळायला नको का? जरा घालून दाखवा ना..."

"माझे हात गुंतलेत." दोन्ही पकडींत एक उघडी कडी होती आणि ती अर्ध्यात सोडणं कुंदुझच्या स्वभावात नव्हतं.

"मग मी घालतो. शेकड्यांनी मेंढ्यांच्या कानांत बिल्ले लावलेत. एकीने कधी तक्रार केली नाही!"

ती हसू दाबत होती, तेवढ्यात त्याने केस अलगद बाजूला केले आणि डूल अडकवला. बोटं गार होती. ती पकडींतली कडी मिटायची विसरली.

आणि समोरून किंकाळी आली.

"कानात घातलं! बघा गं, कानात घातलं त्याने!"

ही बातमा-एजे; एजे म्हणजे थोरली ताई. समोरच्या ओट्यावर सुक्या दह्याचे खारट गोळे विकायची. आमच्याकडे मुलाची आई मुलीच्या कानात डूल घालते आणि तिथे सोयरीक पक्की होते. इथे आई नव्हती, बोलणी नव्हती, पण गारांमुळे गिऱ्हाईकही नव्हतं, त्यामुळे अख्खी रांग हसायला मोकळी होती. बातमा-एजेने शुभ म्हणून मूठभर गोळे दोघांवर उधळले. एक एर्मेकच्या कपाळावर बसला.

"एजे, डूल माझा, कान माझा," कुंदुझ ताठ मानेने म्हणाली. "यात ह्यांचं काय आहे?"

एर्मेक कानापर्यंत लाल झाला. गारा थांबल्या नव्हत्या तरी तो पळाला. दुसरा डूल मुठीतच राहून गेला.

पुढच्या रविवारी तो आला. "डूल परत द्यायला आलोय," म्हणाला आणि घरी विसरल्याचं सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा विसरला. मग कुंदुझने विचारणं सोडलं आणि त्याच्यासाठी एक स्टूल मांडलं.

तो तिच्याकडून कड्या मिटायला शिकू लागला. "ओढू नका! कडी बाजूला वळवून उघडायची. ओढली की गोलाई जाते, परत येत नाही."

"गाय विताना अडली तरी मी इतका घाबरत नाही."

"गाय नख लावून तपासत नाही म्हणून."

उन्हाळा असा गेला. पक्कड द्यायची म्हणून बोटांना बोटं लागायची आणि पक्कड बराच वेळ कुणाकडेच नसायची...

जर्दाळूचा हंगाम सरताना एर्मेक एकदा पकडी न उचलताच बसला. शेवटी आईचा विषय काढून म्हणाला, "अपा तुमच्या घरी यायचं म्हणतेय. तिच्या सासूचे सोन्याचे डूल घेऊन."

कुंदुझने वर पाहिलं. "आणि?"

"आणि... ती म्हणते, सुनेच्या कानात लोखंड दिसलं तर लोक काय म्हणतील? तू ही तार आता आवर, असं तिचं –"

"लोखंड नाही. पोलाद." कुंदुझने पकडी खाली ठेवल्या. "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, एकदा घालून घ्यावं, मग हळूहळू..."

"एर्मेक, तूही ओढायला लागलास." तिचा आवाज चढला नाही, पण बातमा-एजेनेही मान वर केली. "अपांना सांग. सोनं घेऊन आलात तर सोनं घेऊन परत जाल. माझ्या हातचं उतरवून मी कुणाच्या घरात शिरणार नाही. तुझ्याही."

"हे असंच सांगू?"

"शब्द न गाळता."

तो उठून गेला. त्यानंतर स्टूल रिकामंच राहिलं. कुंदुझ काम करत राहिली, पण बाहेर टाकलेल्या कड्यांची वाटी लवकर भरू लागली. तो एकटाच डूल तिने विक्रीला मांडला नाही, मोडलाही नाही.

सफरचंदं बाजारात आली तेव्हा एका रविवारी एक उंच म्हातारी टेबलासमोर उभी राहिली. डोक्याला रेशमी रुमाल, पाठ सरळ. मागे दोन पावलांवर एर्मेक, मान खाली.

"मी जिपार. ह्याची आई," ती म्हणाली. "असा निरोप मला उभ्या जन्मात कुणी पाठवला नव्हता. म्हटलं, पाठवणारीचे हात तरी बघावेत."

"बघा, अपा." कुंदुझ उभी राहिली, पण तिची नजर झुकली नाही.

जिपार-अपाने डोक्याचा रुमाल सोडला. टेबलावरची एक माळ उचलली आणि रेशमावरून सावकाश ओढली. मग दुसरी. मग कंकण. रेशमाचा एकही धागा उचलला गेला नाही.

"हं." म्हातारीने खिशातून एक जोडी काढली. एक डूल तोच, गारांच्या दिवशी गेलेला. दुसरा त्याच्यासारखा करायला गेलेला, पण वाकडा. तो रेशमावरून ओढताच धागा अडकला. "हे माझ्या मुलाने दवाखान्यात बसून केलंय. जनावरं दारात ताटकळली. ह्याला शिकवलं कुणी?"

"मी."

"मग शिकवणी अर्धी राहिली."

कुंदुझला हसू फुटलं – आणि डोळेही भरले. एर्मेक हळूच म्हणाला, "ओढून उघडणार नाही पुन्हा. कडीही नाही... तुलाही नाही."

जिपार-अपाने स्वतःच्या कानाची पाळी दाखवली. ओघळून लांब झालेली, मधे फाटलेली. "सासूच्या सोन्याने ही दशा केली. तरी मी मिरवलं. कारण ते माझ्या घराचं होतं. तू तुझ्या हाताचं मिरवतेस. मान खाली घालणारी सून मला तरी कशाला हवी? सोनं पेटीतच बरं आहे." तिने जोडी पुढे केली. "आण इकडे कान."

"थांबा, अपा." कुंदुझने वाकडा डूल काढून घेतला. रांगेतून कुणीतरी उसासा टाकला. तिने दोन्ही पकडी एर्मेकच्या हातात दिल्या आणि स्टूल पुढे सरकवलं. "तुझी कडी आहे. तूच नीट कर."

तो बसला. सगळा बाजार बघत होता. त्याने कडी बाजूला वळवली, उघडली, पुन्हा मिटली आणि डूल तिच्यापुढे धरला. कुंदुझने नख फिरवलं. अडलं. त्याने पुन्हा केलं. पुन्हा अडलं. तिसऱ्यांदा नख सरळ निघून गेलं.

मग जिपार-अपाने दोन्ही डूल आपल्या हाताने तिच्या कानांत घातले.

बातमा-एजे एक तळवा तोंडावर दाबून उभी होती. दुसऱ्या मुठीत गोळे तयार. कुंदुझने मान हलवून पाहिली. कानांत पोलाद किणकिणलं. मग ती समोर बघून म्हणाली,

"आता ओरडा, एजे."