आरोपी धुमी, राहणार हिवडोंगर

रविवारी सकाळी साडेआठ वाजता आबा माळग्यांनी फैयाज मुल्लाच्या पडवीत उभं राहून एका डब्याला समन्स बजावलं.

डबा स्टीलचा होता, जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा, वर जाळीदार झाकण आणि बाजूला एक हिरवा दिवा. आबांनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. "आरोपी धुमी, जमात हुंग, राहणार हिवडोंगर. आज दुपारी तीन वाजता वाचनालयाच्या सभागृहात जातीनं हजर राहायचं. चुलीतले निखारे चोरल्याचा आणि त्यापायी देवराळ गावातली सतरा माणसं गारठून मेल्याचा आरोप आहे. समजलं? समजलं असलं तर इथं सही."

डब्यातून घोगरा, पण बाईचाच म्हणावा असा आवाज आला. "सही म्हणजे काय?"

"आबा, तिला लिहिता येत नाही हो," फैयाज म्हणाला. "चौथ्या खंडात स्पष्ट लिहिलंय."

"मग अंगठा घ्या."

"बोटं तीनच आहेत तिला. अंगठा नाही."

आबा एकतीस वर्षं कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी सवय काही सुटली नव्हती. त्यांनी समन्सच्या पाठीवर 'आरोपीने तोंडी स्वीकारले' असा शेरा मारला आणि साक्षीदार म्हणून फैयाजची आणि दूध घालायला आलेल्या मारुतीची सही घेतली. मारुतीनं सही केली, पण खाली 'निषेध नोंदवून' असं लिहायला तो विसरला नाही. तो निखारवाला होता.

निखारवाले आणि चूलवाले हे प्रकरण ज्याला ठाऊक नाही, असा माणूस त्या दिवसांत गडहिंग्लजमध्ये शोधून सापडला नसता. निपाणीच्या शालिनी हेर्लेकर यांनी लिहिलेल्या 'सात गारठे' या अद्भुत कादंबरीमालेचे सहा खंड निघाले होते. त्यात हिवडोंगरावर हुंग नावाचे जीव राहत. लांब नाकाचे, राखेच्या रंगाचे. त्यांना विस्तव करता येत नसे, म्हणून ते रात्री गावात उतरत, वासावर चुली हुंगून काढत आणि निखारे तोंडात धरून पळत. सकाळी घरं थंड पडलेली, म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं गारठून गेलेली. तीन खंड वाचक हुंगांना शिव्या घालत होते. चौथ्या खंडात बाईंनी धुमी नावाची एक हुंगमादी आणली. तिची अंडी उबेवाचून फुटत नव्हती, म्हणून ती चोरी करत होती. झालं, तिथून वाचकांत दुफळी माजली.

निखारवाले म्हणत, तिची बाजू समजून घ्या. चूलवाले म्हणत, कीड लागली तर किडीची बाजू समजून घेऊन ती पिकावर सोडता का? कुणी म्हणे, सगळ्याच राक्षसांना बिचारं करून ठेवलं तर पोरांनी भ्यायचं कुणाला? कुणी म्हणे, लेखिकेला म्हातारपणी पान्हा फुटलाय. एका साखरपुड्यात दोन व्याही याच कारणावरून पंगतीतून उठले होते. चोपून जेवून मग उठले, ही गोष्ट वेगळी.

शेवटी हेर्लेकरबाईंचंच पत्र आलं. 'सातव्या खंडाचं शेवटचं प्रकरण अडलंय. हुंगांना मारावं की जगवावं, मला ठरवता येत नाही. तुम्ही इतकी वर्षं भांडताय, तर एकदा समोरासमोर भांडून घ्या. निकाल लागेल तसं लिहीन.'

मग वाचकमंडळानं अभिरूप न्यायालय भरवायचं ठरवलं. लुटुपुटूचा खटला, खरे युक्तिवाद आणि मध्ये चहा, ही आपली जुनी करमणूक. फरक एवढाच की या खेपेला आरोपी स्वतः साक्ष देणार होती.

ही सोय प्रतिमनामुळे झाली होती. एखाद्या पात्राबद्दल लिहिलं गेलेलं सगळं यंत्राला वाचायला द्यायचं. त्यातून यंत्र त्या पात्राचं मन उभं करतं. त्याला कागदावर आहे तेवढंच माहीत असतं आणि माहीत आहे त्यावरून ते स्वतः विचार करून बोलतं. वकिलीची मुलं अशा प्रतिमनांवर उलटतपासणीचा सराव करत, नाटकवाले तालमीला वापरत. फैयाज कॉलेजात संगणक शिकवायचा. त्यानं कॉलेजचा डबा दोन दिवसांसाठी मागून आणला होता.

सरकारी वकील आबा माळगे होते, कट्टर चूलवाले. आरोपीच्या वकील डॉक्टर कुंदा माळगे, गावच्या पशुवैद्य, निखारवाल्यांच्या म्होरक्या आणि आबांची एकुलती एक मुलगी.

घरात तीन वर्षं हाच वाद चालू होता. भाकरी थापताना, भांडी विसळताना, फोनवरसुद्धा. बघणाऱ्याला गंमत वाटे, पण कुंदाच्या जिवाला त्यात घोर होता. तिच्या आईला, हौसाबाईंना, धुमीचा फार लळा लागला होता. पाचवा खंड आला तेव्हा त्या अंथरुणाला खिळलेल्या. आबा रोज दोन पानं वाचून दाखवत. शेवटच्या आठवड्यात त्यांनी कुंदाला विचारलं होतं, "त्या धुमीची पिल्लं निघाली का गं?" तोवर सहावा खंड आला नव्हता, आणि पुढं आला तेव्हा त्यातही पिल्लांचं काही कळलं नाही. सातवा आला की आईच्या फोटोसमोर बसून मोठ्यानं वाचायचा, असं कुंदानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. त्यात धुमी मेली असेल तर तो खंड आपल्या हातून वाचला जाणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आबा, तुम्ही एवढं तिच्या जिवावर का उठलाय?" समन्स बजावून घरी आल्यावर तिनं विचारलं.

"मी कशाला उठू? सतरा माणसं मेली की न्हाई पुस्तकात?"

"मेली."

"मग पुस्तकात आहे ते आहे. आपल्या मायेपोटी लिहिलेलं बदलायचं नसतं बाळ." एवढं बोलून ते काळा कोट झटकायला गेले.

तीन वाजता सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. डावीकडे चूलवाले, उजवीकडे निखारवाले, मधल्या वाटेत कुंपणावरचे. न्यायमूर्तींच्या खुर्चीत स्वतः हेर्लेकरबाई, एकोणऐंशी वर्षांच्या, पायांत लोकरी मोजे. पट्टेवाल्याच्या पोशाखातल्या मारुतीनं तीनदा पुकारा केला. "धुमी हुंग हाऽऽजिर हो!" फैयाजनं डबा आरोपीच्या पिंजऱ्यात, म्हणजे वाचनालयाच्या वर्तमानपत्रांच्या स्टँडवर ठेवला. टाळ्या आणि शिट्ट्या दोन्ही पडल्या.

आबा उठले. आजवर दुसऱ्यांची उलटतपासणी नुसती ऐकत बसलेला माणूस, आज त्यांना रंग चढला होता.

"देवराळ गावातले निखारे तू चोरलेस?"

"हो."

"किती चुलींतले?"

"मोजता येत नाही. सगळ्या."

"ती माणसं मरतील हे ठाऊक होतं?"

"सकाळी रडण्याचा आवाज वर यायचा. आधी वाटायचं, माणसं उजाडलं की असाच आवाज करतात. नंतर कळलं."

"कळल्यावर थांबलीस?"

"नाही. अंडी गार पडत होती."

चूलवाल्यांनी बाकं बडवली. इतकी खरं बोलणारी आरोपी कुंदाच्या कामाची नव्हती.

"म्हणजे तू जाणूनबुजून शेवटपर्यंत चोरीच केलीस," आबा विजयी सुरात म्हणाले.

"शेवटपर्यंत नाही. एकदा मला दिला."

"काय दिला?"

"निखारा. देवराळचा एक मुलगा डोंगर चढून आला. खापरीत राख, राखेत निखारा. दगडावर ठेवला आणि लांब उभा राहिला. पळाला नाही. म्हणाला, रोज एक आणीन, पण चुलीतला नेऊ नको. त्या दिवसापासून मी खाली उतरले नाही. पिल्लं त्याच निखाऱ्यावर निघाली."

सभागृहात गलका उसळला. "हे कुठल्या खंडात आहे?" "सहाव्यात नाही!" "सहाही खंडांत नाही!" हेर्लेकरबाई चष्म्यावरून डब्याकडे बघत राहिल्या. "मी हे लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "सुचलं असतं तर बरं झालं असतं."

फैयाजनं लगबगीनं आपला लॅपटॉप उघडला आणि कपाळावर हात मारला. मंडळाच्या संगणकातलं 'सात गारठे' नावाचं कपाट, म्हणजे फोल्डर, त्यानं सबंधच्या सबंध यंत्राला वाचायला घातलं होतं. त्या कपाटात सहा खंडांबरोबर मंडळाचे नऊ दिवाळी अंकही होते. वाचकांनी हौसेनं लिहिलेल्या धुमीच्या कथा, कविता, पाककृतीसुद्धा. यंत्राला बिचाऱ्याला लेखिका कोण आणि वाचक कोण, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

कुंदाला ती कथा तोंडपाठ होती. चार वर्षांपूर्वीच्या अंकातली, 'खापरीतला निखारा', लेखक 'एक वाचक'. पाकीट बिननावाचं आलेलं, मजकूर टाइप केलेला. निखारवाले ती कथा वाचून रडत. आबा तिला मेणचट म्हणत. अंकाची संपादक कुंदाच होती.

ती उठली. मन म्हणत होतं गप्प बस, जिंकत्येस. पण खोटा पुरावा ठेवून धुमीला वाचवणं तिला पटेना. "न्यायमूर्ती, ही आठवण मूळ पुस्तकातली नाही. दिवाळी अंकातल्या कथेतली आहे. सरकारी वकिलांनी हरकत घेतली तर ती रास्त ठरेल."

सगळे आबांकडे बघू लागले. हरकत घेण्यात आबांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. पण आबा पिंजऱ्याजवळ गेले आणि हळू आवाजात विचारलं, "तो मुलगा पुढं काय म्हणाला?"

"पुढचं मला ऐकू आलं नाही," धुमी म्हणाली. "त्याचे ओठ हलले. मग काही नाही."

"म्हणाला, थंडी वाजली तर हाक मार," आबा म्हणाले. "चोरासारखी येऊ नको. हाक मारलीस तर मी येतो, मी नसलो तर माझ्या घरचं कोणीतरी येईल."

त्या अंकाच्या शेवटच्या पानावर आयत्या वेळी शेतीपंपाची जाहिरात आली होती, म्हणून कुंदानं कथेच्या शेवटच्या चार ओळी कापल्या होत्या. त्या छापल्याच गेल्या नाहीत. जगात त्या दोघांनाच माहीत होत्या, कापणारीला आणि लिहिणाऱ्याला.

"आबा?"

आबांनी कोटाची बटणं चाचपली. "तुझी आई विचारत होती, पिल्लं निघाली का म्हणून. सहावा खंड काय वेळेत यायचा न्हवता. मग मीच लिहिलं आणि पुस्तकात हाय म्हणून वाचून दाखवलं. तिला खरं वाटलं. लई खूश झाली. ती गेल्यावर तो कागद फेकवेना, म्हणून बिननावानं तुझ्या अंकाला धाडला." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "एकतीस वर्षं कोर्टात काढली आणि शेवटी माझ्याच बायकोला खोटा कागद वाचून दाखवला. म्हणून म्हटलं, आता तरी जे लिहिलंय त्यालाच धरून राहायचं."

कुंदा तशीच त्यांच्याकडे गेली आणि भर कोर्टात सरकारी वकिलांच्या गळ्यात पडली. ती हसत होती आणि रडतही होती. तीन वर्षं आपण ज्याच्याशी भांडलो त्याच्याच कथेच्या जोरावर भांडलो, हे तिला एकदम उमगलं होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "आबा निखारवाले!" आणि चूलवाल्यांसकट सगळं सभागृह खो खो हसत सुटलं.

हेर्लेकरबाईंनी हातोडी आपटली. "शांत राहा. फैयाज, ही आठवण काढता येते का?"

"येते, बाई. अंक वगळून पुन्हा वाचायला घालायचं. दहा मिनिटांत जुनी धुमी. हिला मात्र यातलं काही आठवणार नाही."

"मग नियमाप्रमाणे काढायला हवी. सरकार पक्षाचं म्हणणं काय?"

आबांनी डोळे पुसले, ताठ उभे राहिले आणि नोकरीतल्या जुन्या आवाजात म्हणाले, "सरकार पक्षाची हरकत नाही. राहू दे तिच्यापाशी."

बाईंनी निकाल सांगितला, "आरोपी दोषी आहे. सतरा माणसं मेली, ती मी पुसणार नाही, आणि पुसावीत असं तिचंही म्हणणं नाही. पण ती जगेल, आणि तिची पिल्लंही. शेवटच्या प्रकरणात तो मुलगा डोंगर चढेल. त्या चार ओळी मला लिहून द्या, माळगे. पुस्तकात तुमचं नाव घालीन."

"माझं नको," आबा म्हणाले. "हौसाचं घाला."

मग सभागृहात जो गोंधळ उडाला तो काय सांगावा. चूलवाले निखारवाल्यांना मिठ्या मारत होते, मारुती पट्टेवाल्याची पगडी हवेत उडवत होता, चहावाल्याच्या किटलीला उसंत नव्हती. आणि लगेच नवा वाद सुरू झालाच, की वाचकानं दिलेली आठवण धुमीची स्वतःची म्हणायची की नाही. आबा आणि कुंदा त्यात सगळ्यांच्या पुढं होते.

डबा मात्र स्टँडवरच होता. उद्या तो कॉलेजात परत जायचा होता आणि परवा त्यात दुसरंच कुणाचंतरी मन बसणार होतं. हिरवा दिवा लुकलुकला. गलक्यातून आवाज ऐकू यावा म्हणून धुमी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली, आणि एकेक करत चारशे माणसं गप्प झाली.

"ते शेवटचं मला आत्ता ऐकू आलं," ती म्हणाली. "इथं मला थंडी वाजतेय. मी हाक मारली, तर तुमच्यातलं कोण येईल?"