मोजणीतला पाचवा

चेलो हे वाद्य माणसाच्या मापाचं असतं आणि त्याचे नखरेही माणसाचेच. व्हायोलिनवाला पेटी काखोटीला मारून कुठेही जाऊ शकतो. चेलोवाल्याला मात्र संसार सोबत घेऊन फिरावं लागतं. थंडीत तर विचारूच नका. रात्री गाडीत ठेवला तर लाकूड तडकतं, म्हणून त्याला खोलीत न्यायचं. खोलीत हीटरची हवा कोरडी, म्हणून पेटीत ओला स्पंज ठेवायचा. प्रवासात सामानाबरोबर टाकायची सोय नाही, म्हणून त्याला गाडीत स्वतःची सीट, सीटला पट्टा आणि पट्ट्यावरून घोंगडी. घोंगडीचे कोपरे खोचायचं काम बाईंचं. बाई दुसरं व्हायोलिन वाजवायच्या, आणि लेकराला झोपवावं तशा मायेने त्या पेटीला गुंडाळायच्या.

त्या सकाळीही बाईंनी कोपरे खोचले आणि त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या. पुढे ड्रायव्हरशेजारी मास्तर, म्हणजे पहिलं व्हायोलिन आणि चौघांच्या या गटाचे कर्तेधर्ते. मधल्या सीटवर बाई आणि व्हायोलावाला मुनी. दिवसाकाठी सहा-सात शब्दांत भागवणाऱ्या माणसाला दुसरं काय नाव पडणार? आणि अगदी मागे चेलो आणि त्याच्या शेजारी नवा. नवा येऊन अकरा महिने झाले होते, तरी तो नवाच होता. त्याच्या आधी चेलोवर दादा होता. दादा गेला, चेलो गटाच्या मालकीचा होता तो राहिला, आणि त्याच्यामागे बसायला हा आला.

नव्याचं त्या दिवशी कशातच लक्ष नव्हतं. पहाटेच मेहुणीचा निरोप आला होता, ‘हिला दवाखान्यात आणलंय. पंधरा दिवस आधीच. डॉक्टर म्हणतात आज रात्री, नाहीतर उद्या सकाळी. निघ.’ पहिलंच बाळंतपण. बायकोला त्याने शब्द दिला होता, की त्या वेळी मी तुझ्या उशाशी असेन, काहीही झालं तरी. निरोप वाचल्या वाचल्या तो मास्तरांच्या खोलीत गेला होता.

“आजचा कार्यक्रम वाजव,” मास्तर दाढी करता करता म्हणाले. “उद्या सकाळी मी स्वतः तुला बसमध्ये बसवून देतो.”

“मास्तर, आज रात्रीच होईल म्हणतायत.”

“अरे, हॉल भरलाय. आम्ही तिघांनी काय वाजवायचं? माझी दोन्ही मुलं झाली तेव्हा मी दौऱ्यावरच होतो. काही बिघडलं नाही त्यांचं.”

मास्तरांची दोन्ही मुलं त्यांच्याशी बोलत नसत, हे सगळ्या गटाला माहीत होतं. पण ते तोंडावर कोण म्हणणार? नवा गाडीत येऊन बसला.

गाडी मोजणीशिवाय हलत नसे. एकदा चहाच्या टपरीवर मुनी मागे राहिला होता, आणि तो नाही हे चाळीस किलोमीटरपर्यंत कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तेव्हापासून ड्रायव्हरकाकांनी नेम केला. काकांची मान आखडलेली, मागे वळून बघणं त्यांना जमत नसे. म्हणून ही मोजणी कानांनी व्हायची. काका विचारायचे, “झाले का सगळे?” मग मास्तर एक, बाई दोन, मुनी तीन, चेलोवाला चार. चेलोच्या सीटचा पाचवा आकडा दादा मुद्दाम आणखी जड आवाज काढून म्हणायचा आणि सगळे हसायचे. दादा गेल्यापासून तो आकडा काकाच म्हणत. “पाच, चला,” आणि गिअर.

“झाले का सगळे?”

“एक.” “दोन.” “तीन.”

“चार,” नवा म्हणाला.

“पाच,” मागून आवाज आला.

काकांचा हात गिअरवर तसाच राहिला. बाई हळूहळू मागे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

“असली चेष्टा नको रे,” काका आरशात न बघता म्हणाले. “आज तर नकोच.”

“मी नाही बोललो,” नवा म्हणाला.

खरंच तो बोलला नव्हता. आवाज त्याच्या डाव्या अंगाने आला होता, घोंगडीच्या आतून, आणि जड होता. पण असं सांगितलं तर कोण ऐकणार? मास्तर “चला, चला” करत राहिले आणि गाडी निघाली.

दोन तासांनी रस्ताच संपला. संपला म्हणजे पुढे आडवा बांबू आणि त्यामागे पांढरं. बर्फ काढणारं यंत्र वरून येईपर्यंत थांबा, असं फाटकावरचा माणूस सांगून गेला. मागे आणखी गाड्या येऊन चिकटल्या. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. फोनला रेंज नाही. काचांवर आतून वाफ धरली आणि बाहेरचा दिवस दुधाळ, बिनआकाराचा झाला. ओल्या लोकरीचा, डिझेलचा आणि मास्तरांच्या खोकल्याच्या औषधाचा वास दाटला. नव्याने वाफेवर बोटाने भोक पाडलं, बाहेर बघितलं. काही दिसलं नाही. थोड्या वेळाने ते भोक बुजलं. त्याला रडायला येत होतं. तिकडे ती एकटी कळा सोसतेय आणि आपण इथे एका पेटीशेजारी पट्टा लावून बसलोय, या विचाराने त्याला स्वतःची चीड आली.

एक तास गेला, मग दुसरा. काका आणि मास्तर पाय मोकळे करायला उतरले, मुनी डोळे मिटून बसला. बाई मागे सरकल्या.

“गेल्या थंडीत याच रस्त्याने चाललो होतो,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “पुढे फाट्यावर पेट्रोल पंप आहे ना, तिथे चहा घेतला. काकांनी मोजलं. दादा चार म्हणाला, मग पाचही म्हणाला. आम्ही हसलोसुद्धा. दोन तासांनी हॉलवर पोहोचलो. दादा उतरेना. बघतो तर…”

“गेलेले.”

“डॉक्टर म्हणाले, निदान सहा तास झालेत.” बाईंनी घोंगडीचा एक कोपरा उगाच नीट केला. “हीटर बंद होता, गाडीत गारठा. त्यामुळे डॉक्टरांचा अंदाज चुकला असेल. असेलच ना?”

नव्याने आपला पट्टा जरा सैल केला.

“त्याला उतरायचंच नसायचं कधी,” बाई म्हणाल्या. “दौरा संपला की तोंड एवढंसं करायचा. घरी गेलो की माझी बसायची जागा कुठली तेच मला कळत नाही, म्हणायचा. इथे कसं, माझा आकडा ठरलेला आहे.”

यंत्र आलं तेव्हा दुपार कलली होती. फाटकावरच्या माणसाने काकांना विचारलं, किती जण? काकांनी नेहमीचा प्रश्न टाकला.

“एक.” “दोन.” “तीन.”

नव्याने तोंड उघडलं, पण त्याच्या आधीच शेजारून शांतपणे उत्तर गेलं.

“चार.”

“पाच, चला,” काका म्हणाले.

कोणी वळलं नाही. कोणाला काही वाटलंच नाही. आकडे जुळले होते, मग बघायचं कशाला? मास्तरांनी मफलर डोळ्यांवर ओढला, बाईंनी कानात गाणी लावली. नवा तेवढा थिजून बसला होता. बराच वेळ तो घाबरलेलाच होता. मग भीतीच्या खालून दुसरा एक विचार वर आला, आणि अडकलेल्या माणसाला सुचू नये तेच त्याला सुचलं.

फाट्यावरच्या त्या पंपावरून त्याच्या गावाची बस जायची. पंप आला तेव्हा ती बस समोर उभीच होती, इंजिन चालू ठेवून. बाकीचे चहाला उतरले. नव्याने खांद्याला झोळी अडकवली, आणि घोंगडीपाशी तोंड नेलं. आत स्पंजचा दमट वास होता, आणि त्यातून किंचित ऊबही येत होती.

“दादा,” तो पुटपुटला. “मला जायलाच पाहिजे. माझ्या जागी तुम्ही म्हणा. चार… म्हणाल ना?”

उत्तर आलं नाही. लोकर मात्र एकदा वर आली आणि खाली गेली, कोणी सुस्कारा सोडावा तशी.

तो उतरून पंपाच्या आडोशाला उभा राहिला. बाकीचे परतले, हात चोळत चढले, कोणी मागच्या सीटकडे बघितलं नाही. उघड्या दारातून मोजणी स्पष्ट ऐकू आली. एक, दोन, तीन. नव्याला वाटलं, ओरडावं. ओरडलो तर अजूनही आपली जागा आपलीच आहे. पण दवाखान्यातली ती डोळ्यांसमोर आली आणि त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

“चार.”

दार सरकून बंद झालं. गाडी वळली तेव्हा मागच्या काचेवरची वाफ कोणीतरी आतून तळव्याने पुसली. तळवा रुंद होता. त्याच्या शेजारी पेटी बसली होती, पट्टा लावून.

बसमध्ये नव्याला खिडकी मिळाली. कंडक्टर आला, पुढच्याला तिकीट दिलं, मागच्याला दिलं. नव्याने पैसे पुढे धरले होते ते तसेच राहिले. चला, बाळाच्या पायगुणाने फुकट प्रवास, असं म्हणून तो मनाशी हसलादेखील. पुढच्या थांब्यावर एक जाडजूड बाई चढली आणि तिने आपली पिशवी खुशाल त्याच्या मांडीवर ठेवली. विचारलं नाही, बघितलं नाही. नव्याने भिडस्तपणे ती रात्रभर धरून ठेवली. पहाटे गाव आल्यावर त्याने चहा मागितला, तो आला नाही. दुसऱ्यांदा मागितला, मग नाद सोडला. आपण दमलोय, आवाज फुटत नाहीये, एवढंच. आधी तिला भेटू.

दवाखान्यात पोहोचला तेव्हा सकाळची सफाई चालली होती. फरशीवर औषधी पाण्याचा वास. प्रसूतीच्या खोल्यांच्या दाराशी नर्स बसली होती. भेटायला येणारा एका वेळी एकच, अशी पाटी तिच्या डोक्यावर. तिने खोलीत डोकावून मोजल्यासारखं केलं, “एकच आहेत ना आत? ठीक,” म्हणाली, आणि नवा तिच्या समोरून आत गेला.

बायको उशीला टेकून बसली होती. थकलेली होती, केस विस्कटलेले, पण हसत होती. कुशीत एवढंसं गाठोडं, त्यातून लाल मूठ बाहेर आलेली. नवा पलंगाशेजारच्या खुर्चीत बसला आणि तिचं नाव घेतलं. तिने मान वळवली नाही. त्याने पुन्हा हाक मारली, मग मोठ्याने मारली. तिच्या हातात फोन होता आणि ती त्याच्याशी बोलत होती.

“मुलगी झाली रे. नाक तुझंच आहे. तू पोहोचला होतास ना नीट? कार्यक्रम झाला?”

“झाला. छान झाला,” फोनमधून आवाज आला. “बाई म्हणाल्या, असा तू कधीच वाजवला नव्हतास.”

“आवाज असा जड का येतोय तुझा?”

“थंडी. येईल ठिकाणावर.”

“शब्द दिला होतास मला,” ती म्हणाली. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. “मी दाराकडे बघत होते रात्रभर. खूप राग आला होता तुझा.”

“आज सुटतोय. येतोच. माझी जागा धरून ठेव.” आता आवाज खरंच ठिकाणावर येत होता. जडपणा शब्दागणिक उतरत होता, आणि खाली जो आवाज उरत होता तो नव्याच्या ओळखीचा होता. आरशात तोंड बघावं इतका ओळखीचा.

मेहुणी थर्मास ठेवायला वळली. तिच्या हातात दवाखान्याची जादा घोंगडी होती. ठेवायला जागा दिसेना, म्हणून तिने ती रिकाम्या खुर्चीवर टाकली. रिकामीच म्हणायची, तिला ती तशीच दिसत होती. नव्याच्या गुडघ्यांवर, छातीवर, खांद्यांवर घोंगडी पडली. नीटनेटक्या बाईची सवय, तिने कोपरेही खोचले. नव्याने हात बाहेर काढायचा प्रयत्न केला. हात निघेना.

“आता आपण किती झालो बघ,” बायको फोनला म्हणाली आणि बाळाची मूठ धरून मोजायला लागली. “इथे मी एक. ताई दोन. आणि हे शहाणं बाळ तीन.”

“चार,” फोन म्हणाला. तो नव्याचाच आवाज होता, जराही वेगळा नाही.

नव्याने सगळा जीव गोळा केला. आता त्याच्यासाठी एकच आकडा शिल्लक होता.

“पाच,” तो म्हणाला.

या वेळी मात्र त्याचा आवाज खोलीत उमटला. तो घोंगडीच्या आतून आला आणि जड होता. मेहुणीच्या हातून थर्मासचं झाकण पडलं. बाळाने झोपेतच मूठ मिटली. बायकोच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि तिने फोन घट्ट धरला.

“असली चेष्टा नको रे. आज तर नकोच.”

“मी नाही बोललो,” फोनमधून उत्तर आलं.

आणि मग पलीकडे, जरा लांबून, ड्रायव्हरकाकांनी विचारलेलं ऐकू आलं, झाले का सगळे?