उदबत्तीविना गुरुपूजा

"अहो, थांबा! ओलांडलीत तुम्ही तिला!"

मी दचकलेच. मुलांच्या वॉर्डबाहेर एक शेलाटा माणूस माझ्याकडे असा बघत होता, जणू मी कुणाचा जीवच घेतला. खाली पाहते तर... बांबूची बासरी.

"हात जोडा. माफी मागा."

"तुमची?"

"माझी कशाला? बासरीची!"

वाद्य ओलांडू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी गुपचूप हात जोडले.

"काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

"म्हणाली, मालकाला सांग, मला वाटेत टाकत जाऊ नकोस."

तो हसला. गालाला खळी पडली. मेलं माझं लक्ष नेमकं तिथंच जायचं होतं!

त्याचं नाव इनथोन. मार्चमध्ये आमच्या उत्तर थायलंडात, चियांगमाईभोवतीची रानं पेटतात, धुरात समोरचा डोंगर दिसेनासा होतो आणि आमचा वॉर्ड दम्याच्या पोरांनी भरून जातो. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी त्याला महिनाभर बासरी शिकवायला बोलावलं होतं. मुलांना मानवलं तर वर्ग कायम, नाहीतर बंद.

"बासरीनं दमा बरा होतो होय, मास्तर?"

"कोण म्हणालं? औषध तुमचंच, सिस्टर. मी फक्त लांब, सावकाश श्वास सोडायला शिकवतो."

"आणि सारखं माझ्याकडे बघता, ते कुठल्या धड्यात येतं?"

"तो... घरचा अभ्यास."

चावट कुठला!

आठ वर्षांची सोमओ त्याची लाडकी शिष्या. छाती जरा आवळली की पूर्वी किंचाळून वॉर्ड डोक्यावर घ्यायची. आता सहा आकडे होईपर्यंत एक सूर धरायची. मला कौतुक वाटायचं... तिचंही, त्याचंही.

पहिलं गाणं शिकवण्याआधी गुरुपूजा हवीच. गुरुवारी बागेतल्या मांडवात त्यानं फुलं मांडली, गुरूंचा फोटो ठेवला आणि कपाळावर हात मारला. "काडेपेटी राहिली!"

"घ्या," म्हणत मीच आणून दिली.

आमच्याकडे उदबत्तीला कुणी धूर म्हणतच नाही हो! दम्याच्या बारा पोरांत बसून मी, नर्स असून, ती पेटताना कौतुकानं बघत राहिले. पाचव्या मिनिटाला सोमओची छाती शिट्टी वाजवायला लागली.

तिला उचलून मी मोकळ्यावर पळाले. पंप दिला. औषध लागू पडेपर्यंत पोरगी किंचाळली नाही. माझा हात घट्ट धरून, ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "फायताई, सहा झाले." मला रडूच फुटलं.

"उदबत्ती कुणी लावली?" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

"मी," इनथोन म्हणाला. वर्ग बंद झाला. तो मान खाली घालून निघून गेला आणि मी... परत घेतलेली काडेपेटी खिशात ठेवून गप्प उभी राहिले.

दोन दिवस ती काडेपेटी खिशात तशीच वागवली. शनिवारी जाऊन बाईंना सगळं सांगून टाकलं. आधी त्यांनी यथेच्छ झापलं, मग म्हणाल्या, "सोमओ घाबरून न जाता सावकाश श्वास सोडत राहिली, ते मीही ऐकलंय. मंगळवारी घेऊन ये त्याला. धूर दिसला तर दोघांनाही हाकलीन!"

मी तडक त्याच्या घरी गेले. अंगणात तो बासरी शेजारी ठेवून नवा बांबू तासत बसला होता.

"मी आता शिकवणार नाही, सिस्टर. पोरीचा जीव गेला असता."

"काडेपेटी माझी होती. मी बाईंना सांगितलंय तसं. मंगळवारी वर्गाला बोलावलंय त्यांनी तुम्हाला."

"कशाला सांगितलंत? उगीच तुमच्या नोकरीवर गदा आली असती."

मी बरोबर आणलेलं तबक पुढं केलं. वांग्याची फुलं, दूर्वा, लाह्या, गुरुपूजेला आमच्याकडे लागतं ते सगळं. "उदबत्ती नाही. चालेल का तुमच्या गुरूंना?"

त्यानं हात पुसून तबक घेतलं आणि समोर ठेवलं. "चालेल," तो म्हणाला. "पण शिष्य कोण?"

"मी. द्या ती बासरी."

मी फुंकलं. नुसतीच हवा!

"सावकाश... धावत आलात का?"

"छे, गाडीत बसून आले."

"मग एवढी धाप कसली?"

"भीती वाटतेय. तुम्ही नाही म्हणालात तर..."

"वर्गाला?"

"मला."

त्यानं बासरी माझ्या हातातून घेतली, जपून तबकाशेजारी ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले.

"वर्गाला मंगळवारी हो म्हणतो, फाय," तो म्हणाला. "तुला आत्ताच."