बाराव्या मजल्यावरचा रस्ता

उत्तरेच्या मैदानात चाळीस वर्षे जमीन मोजणाऱ्या यूनशानला कधी दिशा विचारावी लागली नव्हती. त्याच्या गावी माणसे अंथरुणातही ‘जरा पूर्वेला सरक’ असेच म्हणत. डोंगरउतारावर वसलेल्या छोंगछिंग शहरात रात्री नऊ वाजता गाडीतून उतरल्यावर मात्र दहा पावलांतच त्याची उत्तर दिशा हरवली. नदीवरून धुके चढत होते. दिवे डोक्यावर होते, तसे पायांखालीही. हवेत जळक्या मिरचीचा खकाणा होता.

थोरली बहीण यूनफांग आजची रात्र काढील असे डॉक्टरांना वाटत नव्हते. लग्न होऊन ती इकडे आली त्याला बत्तीस वर्षे झाली होती. त्यानंतर भेट नव्हती. “जाताना माझा हात धर,” एवढेच तिने फोनवर मागितले होते.

इमारतीच्या दारात एक म्हातारी लसूण सोलत बसली होती.

“आजी, सातव्या मजल्यावर कुठून चढायचं?”

“चढताय कुठं? उतरा! हा रस्ता बाराव्या मजल्याला लागतो. पहिल्याला लागतो तो खालचा.” ती खेकसली, “सपाटीवरच्या माणसा, एकच गोष्ट किती वेळा सांगायची? मघाशीच सांगितलं ना?”

म्हातारीला भ्रम झाला असावा, असे ठरवून तो मोजून पाच मजले उतरला.

भाची ल्वो मिनने दार उघडले. तिने त्याला केवळ छायाचित्रात पाहिले होते.

“मामा, मिळाली तंबाखू? आणि वरून कसे आलात? गेलात तर खालच्या दारानं.”

“मी आत्ताच पोचतोय, पोरी.”

“पुरे हो थट्टा! चार दिवसांनी आईनं दोन घास खाल्ले, तुमच्या हातून.”

खाटेशेजारच्या खुर्चीची गादी ऊबदार होती. तिपाईवर अर्धा वाडगा पेज होती. चमचा डाव्या बाजूला ठेवलेला. यूनशान डावखुरा होता.

कोणी भामटा? पण मरणाऱ्या बाईपाशी बसून भामट्याला काय मिळणार?

त्याने बहिणीचा हात हाती घेतला. “ताई, मी आलोय. यूनशान.”

दृष्टी गेलेल्या यूनफांगने त्याची बोटे एकेक करून चाचपली.

मग हात सोडवून घेतला.

“मिन,” ती पुटपुटली, “हा कोण गं?”

जिन्यात खालून सावकाश पावले चढू लागली.

यूनफांगने चेहरा दाराकडे वळवला आणि हात पुढे केला.