ओढीवर कर्ज

"बशीरभाईंना दुसरं कर्ज मिळालं, तर सोमवारच्या बाजारात तीनदा कोंबड्यासारखा आरवीन," गुळवणी म्हणाले. तीस वर्षं बँकेत बसून लोकांची पत तपासलेला माणूस. खात्रीनंच बोलत होता.

"आणि नाही मिळालं तर मी आरवतो," शेजारचा पिराळे म्हणाला. "तसा माझा गळा बरा आहे."

ज्यांच्यावरून त्या संध्याकाळी पैज लागली ते बशीरभाई सतारमेकर मांडीवर तंबोरा घेऊन बसले होते. मिरजेत आता सतारी यंत्रं कोरायची, पण जवारी अजून हातानंच लागायची. तारांखालच्या घोडीचा माथा कानसीनं केसभर घासायचा, तार छेडायची, पुन्हा घासायचा, तार गुंजेपर्यंत. वर्षभर बशीरभाईंना थांबायचं कुठं तेच कळत नव्हतं. घोड्या वाया जात होत्या, गिऱ्हाईक तुटत होतं, हप्ते थकत होते.

गेल्या वर्षी त्यांनी स्मृतितारण केंद्रातून कर्ज उचललं होतं. पत बुडालेल्यांना तेवढं एकच दार उघडं. दागिना नको, घर नको, एक आठवण गहाण टाकायची. त्यांनी तार ऐकणारी जुबैदा टाकली. बायको जाऊन तीन वर्षं झालेली. आत भाकरी थापता थापता ती तार ऐकायची आणि "अजून थोडं" म्हणायची. मग, "बास." सगळी गल्ली त्यांना हे सांगायची. सांगितलेलं टिकायचं नाही, नुसती हुरहूर उरायची.

गुळवणी गेल्यावर पिराळे जवळ सरकला.

"एक सांगू? तुम्हाला सांगू नको म्हणून भाभींनी शपथ घातली होती. तुम्ही पुण्याला गेलेला, तेव्हा त्या तुमच्या या बाकावर बसल्या. जवारी स्वतः लावली आणि गायल्या. ऐकताना माझं दूध उतू गेलं."

"खोटं बोलतोस."

"बोलतो की. रोजच बोलतो. पण हे खोटं असावं असं वाटतंय का तुम्हाला?"

बशीरभाई बाकाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी केंद्रात डॉक्टर हुपरीकर बाईंनी त्यांच्या कपाळाला ओढमापक लावला.

"आठवण म्हणजे मेंदूतल्या पेशींची साखळी," त्या म्हणाल्या. "तिला आम्ही कुलूप घालतो. मग ती आठवत नाही, कुणी सांगितली तरी पाच मिनिटांत निसटते. ओढ मात्र दुसरीकडे असते, ती मोकळीच राहते. तीच माणसाला इथं परत आणते. म्हणून आमचं कर्ज बुडत नाही. जेवढी ओढ, तेवढं कर्ज."

"आणि त्या आठवणीवरच माणसाचा धंदा चालत असला तर?" सोबत आलेल्या पिराळेनं विचारलं.

बाईंनी अर्ज उलटून पाहिला. "तो रकाना आमच्या अर्जात नाही."

मग बशीरभाईंनी अडखळत बाकावरची जुबैदा सांगितली. काटा पहिल्या वेळेपेक्षा वर चढला आणि तिथंच थरथरत राहिला.

"हे तुम्ही पाहिलं होतं?"

"नाही. घडलं का तेही ठाऊक नाही."

"यंत्र ते विचारत नाही. पण ज्या संध्याकाळी ऐकलंत, ती अख्खी जाईल. साखळी मधूनच तोडता येत नाही."

बशीरभाईंनी डोळे मिटले. कधी न ऐकलेलं ते गाणं बराच वेळ ऐकलं.

"घाला कुलूप."

त्याच पैशात पहिली आठवण सुटली. रविवारी कानस फिरवता फिरवता आतून आवाज आला, "बास." हात थांबला. तार गुंजली. बशीरभाई भोपळ्यावर डोकं टेकून पोटभर रडले.

सोमवारी बाजारात गुळवणी टोमॅटोच्या क्रेटवर चढले आणि आरवले. वांगीवालीनं पदर तोंडात कोंबला.

"गुळवणी साहेबांना काय झालं?" बशीरभाईंनी विचारलं.

पिराळेनं सगळं सांगितलं. पैज, बाक, गाणं. बशीरभाईंचा चेहरा उजळत गेला.

"काय गायली?"

थापेला कधी न अडणारा पिराळे अडला. "मारवा," तो हळूच म्हणाला.

"मारवा," बशीरभाई म्हणाले. "मी नसताना."

गुळवणी दुसऱ्यांदा आरवले. मग पाणी प्यायले, दोनावर भागवा म्हणून घासाघीस करू लागले. गर्दी ऐकेना. बशीरभाई आपल्या दुकानाच्या दिशेला बघत होते. बघता बघता त्यांचे डोळे गोंधळले. काहीतरी हातातून सुटल्यासारखी त्यांनी मूठ मिटली.

गुळवणींनी मान वर करून तिसरी बांग दिली.

बशीरभाईंनी पिराळेचा दंड धरला. "काय रे, गुळवणी साहेबांना झालंय काय?"

पिराळे पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.