ऋजुताचे शब्द

कोल्हापुरात आता इंग्रजीच्या शिकवण्या उरल्या नव्हत्या. शब्द कमी पडू लागले की लोक शब्दरोपण करून घेत. एकाच्या मेंदूत रुजलेल्या शब्दांची हुबेहूब नक्कल काढायची आणि दुसऱ्याच्या मेंदूत, त्याच अर्थाच्या मराठी शब्दाशेजारी लावायची. दुखत नसे. एका दुपारचं काम.

मालन इंगवलेनं मात्र ते टाळलं होतं. पंप बनवणाऱ्या कारखान्यात ती परदेशी ग्राहकांच्या तक्रारी ऐकायची. व्याकरण पक्कं होतं, पण ऐन वेळी शब्द सापडायचा नाही. ग्राहक चिडला की फोन साहेबांकडे द्यावा लागे. आणि घरी धाकटी जाऊ ऋजुता फोनवर इंग्रजीत बोलता बोलता भेंडी चिरायची, वर हसायचीही. मालनची मुलगी सई शब्द अडला की आईला ओलांडून काकूकडे जायची. ते मालनला फार झोंबायचं.

साहेबांची बदली ठरली, त्यांची जागा रिकामी होणार म्हटल्यावर ती डॉ. नाखरे यांच्याकडे गेली.

"दाता घरातलाच आणा," डॉक्टर म्हणाले. "शब्द कोरडा नसतो. तो ज्या प्रसंगी मनाला खोलवर भिडला, तो प्रसंग त्याच्या मुळांना चिकटलेला असतो. आम्ही त्याला शब्दमाती म्हणतो. रोपाबरोबर थोडी माती येतेच. परक्याची माती मेंदूला मानवत नाही."

"तिचे शब्द कमी होतील का?"

"एकही नाही."

हे ऐकून मालनला थोडं वाईटच वाटलं.

ऋजुता लगेच तयार झाली. "घ्या की वहिनी. माझं काय जातंय?" तिचा हा मोठेपणाही मालनला खुपला, पण ती तिला घेऊन रोपणाला गेली.

रोपण उत्तम झालं. पुढच्याच आठवड्यात एक ग्राहक भडकलेला असताना मालन शांतपणे त्याला समजावत होती. त्यानं पंपात चुकीचा सुटा भाग बसवला होता. हा भाग या पंपाचा नाहीच, असं तिला सांगायचं होतं आणि 'बिलाँग' हा शब्द अलगद जिभेवर आला.

त्याबरोबर एक स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. दारातून दिसणारं. आत सासूबाई आणि एक बाई सांडगे घालत होत्या, कशावर तरी हसत होत्या. दारातल्या पावलांची चाहूल लागताच दोघी गप्प झाल्या. मग त्या बाईनं मागं वळून पाहिलं.

ती मालनच होती.

आणि त्या बाईबद्दल मालनच्या छातीत अशी आग उठली की तिला खुर्चीचा हात धरावा लागला.

मग एकेक शब्द तसाच येऊ लागला. 'फेवरिट'मध्ये सासूबाई मालनलाच आधी वाढत होत्या. 'आउटसायडर'मध्ये बंद दारापलीकडून मालनचा आवाज येत होता. जिच्यासारखं व्हावं म्हणून मालन इतकी वर्षं जळली, ती दारात उभी राहून मालनवर जळत होती.

"ही माती काढता येईल?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"शब्दही जातील."

"काळानं विरेल तरी?"

डॉक्टरांनी क्षणभर टेबलाकडे पाहिलं. "शब्द जितका वापराल तितकी ती घट्ट होत जाईल. बऱ्याच जणांना कळतही नाही. तुमच्या बाबतीत दाता फारच जवळचा होता."

मालननं दोन दिवस विचार केला. शब्द तिनं ठेवले. जागा तिला मिळाली.

त्या संध्याकाळी घरात पुरणपोळी झाली. सई आईला बिलगली, तिनं एका शब्दाचा अर्थ विचारला आणि मालननं तो सांगितला. सासूबाईंनी पहिली पोळी मालनच्या ताटात घातली, वर तुपाची धार धरली. मालनचा हात पोळीवरच थांबला. ताटापुढे बसलेल्या त्या लाडक्या बाईचं, म्हणजे स्वतःचंच, ताट ओढून घ्यावं, असं तिला वाटलं.

"काय गं, आवडली नाही?" सासूबाईंनी विचारलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

ऋजुता वाटी घेऊन दारात उभी होती. मालनचा चेहरा पाहून ती हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, शब्दांबरोबर काय काय आलं तुमच्याकडे?"

दोघी एकाच नजरेनं सासूबाईंच्या हाताकडे पाहत होत्या. तो अजून मालनच्याच पाठीवर होता.