आठ दिवस मिटायचा नाही

लॅपटॉप उघडताना ‘कट्ट’ असा आवाज झाला, आणि तिने वाकून पाहिलं. स्क्रीन जिथे खालच्या भागाला जोडलेला असतो, त्या बिजागरीपाशी कवचाला चांगली बोटभर चीर गेली होती. आतला पितळी नट डोळे वटारून बाहेर बघत होता.

ती भाषांतरकार. औषधांच्या खोक्यात बारीक अक्षरांचं घडी घातलेलं पत्रक असतं ना, तसली पत्रकं ती दिवसभर एका भाषेतून दुसरीत न्यायची. बाबांना अर्धांगाचा झटका आल्यापासून, गेली दोन वर्षं, हे काम आणि घर एवढंच तिचं जग उरलं होतं.

दोन गल्ल्या सोडून, शिंप्याच्या दुकानाला खेटून दुरुस्तीचं एक छोटं दुकान होतं. तिथल्या दुरुस्तीवाल्याने चीर न्याहाळली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“नेहमी उजवा कोपरा धरून उघडता का?”

“हो. का?”

“बिजागरी आधीच घट्ट, त्यात सगळा जोर एका बाजूला. दोन्ही हातांनी उघडत जा.”

“दुसरा हात मोकळा नसतो.”

असं म्हटलं की लोक मान हलवून पुढचं बोलतात. त्याने विचारलं, “काय असतं त्यात?”

ती गोंधळली. “बाबांचा हात... त्यांचा तोल जातो, म्हणून शेजारी बसवते.”

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. डोळ्यांत उगाच पाणी आलं, तशी ती भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागली. त्यानेही शहाण्यासारखं न पाहिल्यासारखं केलं.

त्याने बिजागरी सैल केली, नट जागच्या जागी बसवला, दोन नळ्यांतला गोंद कालवून चिरेत भरला.

“आता आठ दिवस मिटायचा नाही.”

“अहो, मग घरी नेऊ कसा?”

“उघडाच. थांबा, मीच येतो.”

आणि तो निघाला की! उघडा लॅपटॉप दोन्ही तळहातांवर ताटासारखा धरून तो रस्त्याच्या कडेने चालत होता आणि ती पुढे होऊन वाट मोकळी करत होती. शिंप्याने मशीन थांबवून हाक मारली, “काय, स्वारी कुठे?”

“पेशंटला घरी सोडायला!”

ती खुदकन हसली. किती दिवसांनी हसली, ते तिचं तिलाच ठाऊक.

तो दिवसाआड ‘बघायला’ येऊ लागला. चीर बघायला मिनिटभर, मग बाबांशी बुद्धिबळाचा एक डाव. बाबा त्याला ‘डॉक्टर’ म्हणायचे आणि बिनदिक्कत हरवायचे. ती आतून चहा आणायची. कप घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागायची — लागायची, आणि क्षणभर तिथेच रेंगाळायची.

“अजून ओला आहे का हो गोंद?”

“जरा... जरासा आहे.”

“कमालच आहे.”

त्याचे कान लाल व्हायचे.

आठव्या दिवशी त्याने लॅपटॉप हलक्या हाताने मिटला. आवाज नाही, काही नाही. “झालं,” तो म्हणाला.

“हा गोंद चोवीस तासांत पक्का होतो,” ती खिडकीकडे बघत म्हणाली. “नेटवर त्याच्या पत्रकात लिहिलंय.”

“तुम्ही... कधी वाचलंत?”

“दुसऱ्याच दिवशी.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोललात का?”

तो काहीतरी म्हणणार होता. ओठ हललेही. तेवढ्यात आतून बाबांनी हाक मारली, ती धावली, आणि परत आली तेव्हा तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावून दारात उभा होता. “येतो मग,” एवढंच म्हणाला.

त्यानंतर पाच आठवडे. पाव आणायचं निमित्त करून ती लांबच्या रस्त्याने जायची. काचेपलीकडे दिव्याखाली वाकलेलं त्याचं डोकं दिसायचं, की पावलं आपोआप मंदावायची. आत जायचं तर काय सांगून? तिकडे त्यालाही निमित्त सापडत नव्हतं. एकदा नजरानजर झाली. दोघंही हसली, आणि ती चालू लागली... घरी येऊन कळलं, पाव आणायचाच राहिला.

“लॅपटॉप फारच ठणठणीत झाला गं,” बाबा पटावर एकटेच सोंगट्या मांडत म्हणाले.

मग एक दिवस दुकान बंद दिसलं. दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मात्र तिने लाज गुंडाळून शिंप्याला विचारलं.

“परगावी गेलाय. मोठ्या कंपनीत मुलाखत आहे म्हणे. बहीण केव्हाची मागे लागली होती.”

ती घरी आली आणि एकच वाक्य चार वेळा चुकीचं भाषांतरित करत बसली.

सोमवारी संध्याकाळी तो दारात उभा राहिला. आज हातात पिशवी नव्हती.

“नोकरी मिळाली. इथून पाच तास. वर्षाचा करार आहे... उद्याच निघायचंय.”

“अभिनंदन.”

“तुम्ही थांब म्हणालात तर...”

“नाही म्हणणार.” ती एक पाऊल पुढे आली. “बाबांना सोडून मला येता येणार नाही. आणि माझ्यापायी तुम्ही थांबलात, तर उद्या तेच तुम्हाला सलत राहील. जा. पण तुम्ही गेलात की मला करमणार नाही, हेही ऐकून जा. गेले पाच आठवडेही करमलेलं नाही.”

तो चौकटीला टेकून उभा राहिला, जणू एकदम दमला होता.

“मला तर दुकानात बसवत नव्हतं,” तो हळूच म्हणाला. “जिन्याखाली तीनदा येऊन परत गेलो. वर आलोच नाही, वेडा.”

“दर रविवारी यायचं,” ती म्हणाली.

“येईन.”

“दमायला होईल. जाऊन-येऊन दहा तास.”

“होऊ दे.”

त्याने हात पुढे केला. तिने दोन्ही हातांत घेतला, आणि कितीतरी वेळ सोडला नाही. जिन्याच्या चार पायऱ्या उतरून तो पुन्हा वळला.

“वर्ष लवकर सरेल, नाही का हो?”

“ते राहू दे. तू आधी रविवारी ये तर!”

‘तू’ हा शब्द तोंडून निघाला, आणि तिने चटकन ओठांवर हात ठेवला. तो हसत, दोन-दोन पायऱ्या गाळत खाली उतरला. ती कठड्यावरून वाकून बघत राहिली. रविवारला अजून सहा दिवस होते.